वजन उचलताना झालेली दुखापत आणि आटलेली मांडी: स्नायू परत भरून काढण्याची रीत

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी कुबड्या सुटल्या, त्या दिवशी मी शिलाई मशीनच्या खणातून आईची कापडी टेप काढली. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटिमीटर वर पेनाने खूण केली, पाय सैल सोडला आणि टेप तिच्या हातात दिली. उजवी मांडी ५७.५ सेंटिमीटर भरली आणि डावी ५३.५. आई काही बोलली नाही. तिने टेप सोडून पुन्हा एकदा फिरवली आणि पुन्हा तोच आकडा वाचला. दुखापतीआधी दोन्ही मांड्या ५८ च्या आसपास होत्या. खांद्यावर बार घेऊन करायच्या बैठकीत, म्हणजे स्क्वॉटमध्ये, खाली बसून वर उठताना डाव्या गुडघ्यातील गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली होती आणि ती टाके घालून शिवावी लागली होती.

शहापूर, वडगाव, अनगोळपासून येळ्ळूर आणि कंग्राळीपर्यंत बेळगावच्या भोवती तालमी व जिम यांची दाटी आहे, आणि त्यामुळे दुखापतीवर सल्ला देणारेही घरोघरी आहेत. कोणी सहा महिने वजनाला हात लावू नकोस म्हणतो, कोणी पंधरा दिवसांत बैठका सुरू करायला सांगतो. या लेखात मी दुखापतीच्या पहिल्या दिवसापासून पूर्ण वजनावर परत येईपर्यंतची वाट क्रमाने मांडणार आहे. तीत एका गोष्टीवर माझा विशेष भर राहील: स्नायू आपल्या भीतीपेक्षा बराच लवकर परत येतो, पण त्याला हाडाशी बांधून ठेवणारी कंडरा मागे रेंगाळते, आणि दुसरी दुखापत बहुतेक वेळा याच अंतरात होते.

नेमके काय आटते

मेहनत सुटणे आणि अवयव बांधून ठेवला जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खांदा किंचित दुखतो म्हणून एखाद्याने दोन-तीन आठवडे जिम बंद ठेवली, पण चालणे-फिरणे, घरकाम चालू ठेवले, तर खरा स्नायू फारसा जात नाही. अंग सैल व चपटे दिसू लागते त्यामागे बऱ्याच अंशी स्नायूत साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आणि त्याच्याबरोबरचे पाणी कमी होणे हे कारण असते. याउलट प्लास्टर किंवा ब्रेसमध्ये अडकलेला पाय झपाट्याने उतरतो. निरोगी तरुणांचा एक पाय मुद्दाम बांधून ठेवलेल्या अभ्यासात पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार सुमारे साडेतीन टक्के आणि ताकद सुमारे नऊ टक्के कमी झाली. दोन आठवड्यांत हेच आकडे साधारण आठ आणि तेवीस टक्क्यांवर गेले.

या आकड्यांत लक्ष देण्याजोगी बाब अशी की, ताकद आकाराच्या जवळजवळ तिप्पट वेगाने घटते. ताकदीतील मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो. मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूमच क्षीण होतो, आणि गुडघ्यात पाणी किंवा सूज असेल तर शरीर त्या सांध्याच्या रक्षणासाठी मांडीचा पुढचा स्नायू जणू स्वतःहून बंद ठेवते. मी हे अनुभवले आहे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी फिजिओने गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबायला सांगितला, तेव्हा मी दात-ओठ खाल्ले, उजवी मांडी दगडासारखी घट्ट झाली आणि ज्या डाव्या मांडीने टॉवेल दाबायचा होता ती बोट लावून पाहिली तरी कणकेसारखी मऊच होती. हे तात्पुरते असते हे त्या वेळी माहीत असते, तर दोन रात्रींची झोप वाचली असती.

आधी निदान

पुढील लक्षणांपैकी एखादे दिसल्यास घरगुती उपायात वेळ घालवू नये. उचलताना ‘कट्’ असा आवाज होऊन दंडाचा किंवा छातीचा आकार बदलणे आणि तेथे काळेनिळे पडणे हे स्नायू किंवा कंडरा तुटल्याचे लक्षण असू शकते, आणि अशा फाटीची शस्त्रक्रिया लागलीच तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करणे सोपे जाते. गुडघा अडकून सरळच न होणे, पायावर भार न देता येणे, पाऊल उचलता न येणे यांतही विलंब नको. डेडलिफ्टनंतर, म्हणजे जमिनीवरचा बार वाकून उचलल्यानंतर, पाठ धरली आहे आणि त्यासोबत लघवी-शौचावरचा ताबा जातो आहे किंवा जांघेभोवतीचा भाग बधिर झाला आहे, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. पाय बांधलेला असताना पोटरी अचानक सुजून, गरम होऊन दुखू लागली तर शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शक्यता असते. तेथेही थांबू नये.

बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे जिल्हा रुग्णालय आणि नेहरूनगरातील केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय येथे अस्थिरोग विभाग आहेत. निपाणी-चिकोडीकडील मंडळींना मिरज किंवा कोल्हापूर जवळ पडते. कोठेही गेलात तरी तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत: या अवयवावर किती भार आणि कधीपासून देता येईल, सांधा किती अंशांपर्यंत वाकवता येईल, आणि कोणती हालचाल किती आठवडे वर्ज्य आहे. आपल्याकडे डिस्चार्जचा कागद इंग्रजीत आणि व्यायामाचा तक्ता पुष्कळदा कन्नडमध्ये मिळतो. घरात सर्वांना तो वाचता येईलच असे नाही, तेव्हा फिजिओ व्यायाम करून दाखवत असताना त्यांच्या परवानगीने मोबाईलवर चित्रण करून ठेवावे. मला त्याचा फार उपयोग झाला.

एक इशारा येथेच देतो. ताज्या मुक्या मारावर किंवा फाटलेल्या स्नायूवर जोरात मालीश करून घेऊ नये. मांडीतील खोल रक्तसाकळणीवर सुरुवातीच्या दिवसांत चोळल्यास तेथे स्नायूच्या आत हाड धरण्याचा धोका वाढतो. पूर्वी एकदा मीच मांडीला लागलेल्या मारावर एका मालीशवाल्याकडून तीन दिवस तेल जिरवून घेतले होते, आणि आठवड्याने बरी झाली असती ती मांडी महिनाभर वाकवता आली नव्हती.

पाय बांधलेला असतानाचे आठवडे

बहुतेक जण हा काळ वाया घालवतात, आणि पुढे तीन महिने जे भरून काढावे लागते त्यातील बराच भाग येथेच वाचवता येतो. डॉक्टरांनी मनाई केलेली नसल्यास टॉवेल दाबण्याचा व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद धरून दहा-पंधरा वेळा करावा. सोबत घोटा वर-खाली हलवत राहावे, आणि परवानगी मिळताच पाय सरळ ठेवून उचलावा. स्नायू हाताला घट्ट लागेनासा झाला, तर दुसऱ्या पायाची मांडी आवळून ‘असे व्हायला हवे’ हे आधी अनुभवावे आणि मग बाधित बाजूकडे वळावे. फिजिओकडे स्नायूला विजेचे हलके झटके देणारे यंत्र असते, तेही या काळात स्नायू जागा करण्यास उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट चांगल्या बाजूची. अनेकांना वाटते की उजवा पाय कमावत राहिलो तर डाव्याशी फरक आणखी वाढेल, म्हणून ते दोन्ही पाय सोडून देतात. प्रत्यक्षात एका बाजूला जड मेहनत दिली की दुसऱ्या, मेहनत न केलेल्या बाजूची ताकदही साधारण दहा टक्क्यांच्या आसपास वाढते, कारण हा लाभ मज्जासंस्थेतून येतो. तेव्हा आठवड्यातून तीनदा चांगल्या पायाने लेग प्रेस (मशीनवर बसून पायाने वजन ढकलणे) किंवा लेग एक्स्टेन्शन (बसून गुडघा सरळ करत वजन उचलणे) करावे, वजन असे घ्यावे की आठ ते बारा रेपमध्ये, म्हणजे तितक्या वेळा उचलून, पाय थकेल. बसून करता येणारी छाती-पाठ-खांद्याची मेहनत चालू ठेवावी. खांदा दुखावलेल्याने, अर्थातच, हेच सूत्र उलटे लावावे. त्याला पाय सोडण्याचे काहीही कारण नाही, फक्त बारबेल खांद्यावर घेण्याऐवजी मशीन वापरावे.

खुराक

मेहनत नाही तर खाणे कशाला, असे म्हणून जेवण निम्म्यावर आणणे ही या काळातील सर्वांत सामान्य चूक आहे. जखम भरण्यास शरीराला ऊर्जा लागते, आणि कुबड्यांवर चालण्यास तर साध्या चालण्यापेक्षा बरीच अधिक लागते. वजन स्थिर राहील इतके खावे, मात्र त्यातील प्रथिने वाढवावीत. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान १.६ ग्रॅम हा आकडा धरावा. बांधलेल्या काळात दोन ग्रॅमपर्यंत जाण्यास हरकत नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

सत्तर किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम प्रथिने लागतात. ही रक्कम मोठी वाटते, पण आपल्या ताटातून ती निघते. तीन अंड्यांतून अठरा, अर्ध्या लिटर दुधातून सोळा, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून सव्वीस, मोड आणलेल्या मटकीच्या किंवा हुलग्याच्या मोठ्या वाटीभर उसळीतून दहा-बारा, शिजवलेल्या शंभर ग्रॅम चिकनमधून सत्तावीसच्या आसपास, दोन वाट्या दह्यातून सात, आणि राहिलेली बेगमी ज्वारीच्या भाकरीतून होते. कारवारहून येणारा बांगडा मिळत असेल तर चिकनऐवजी तो घ्यावा. श्रावण पाळणाऱ्यांनी मांसाहाराची जागा पनीर आणि जास्तीच्या वड्यांनी भरावी. हे सगळे एका रात्रीच्या जेवणात न कोंबता तीन-चार वेळांत वाटावे, प्रत्येक वेळी पंचवीस ते तीस ग्रॅम पोटात जाईल असे. भेटीला येणारे पाहुणे कुंदा आणि करदंट ही मिठाई घेऊन येतात. त्यांचा मान राखावा, पण कुंदा दुधाचा असतो म्हणून तो खुराकात धरू नये.

क्रिएटिन मोनोहायड्रेट ही पूरक पावडर रोज तीन ते पाच ग्रॅम घेण्याचा फायदा मेहनत पुन्हा सुरू झाल्यावर दिसतो. झोप सात ते नऊ तास हवी. आणि निपाणीच्या तंबाखूच्या शेजारी राहून हे लिहिणे थोडे धाडसाचे असले तरी सांगतो: निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम, हाड, कंडरा हे सारेच उशिरा भरते. निदान या काही महिन्यांपुरती तरी विडी, सिगारेट आणि तंबाखूची डबी बाजूला ठेवावी.

लोखंडाकडे परत

डॉक्टरांनी भार देण्याची मोकळीक दिल्यावर पहिले काम वही आणि वजनकाटा यांचे आहे. आपल्याकडील लहान जिममध्ये अनेक बार लेथवर करून घेतलेले आणि प्लेट उद्यमबागेसारख्या ठिकाणी फाउंड्रीत ओतून घेतलेल्या असतात. मी मेहनत करतो तेथील ‘वीस किलोचा’ बार किराणा दुकानाच्या काट्यावर सोळा किलो भरला आणि ‘दहा’ची एक प्लेट साडेदहाच्या पुढे गेली. धडधाकट माणसाला हा फरक जाणवत नाही. दुखापतीतून उठणाऱ्याने मात्र दोन्ही बाजूंना सारखे वजन आहे याची खात्री करावी आणि प्रत्येक प्लेटवर खडूने खरा आकडा लिहावा.

सुरुवात कोणत्याही वजनाशिवाय खुर्चीवरून उठण्या-बसण्याने करावी. हातांचा आधार न घेता, दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून, खाली जाताना तीन सेकंद घेत पंधरा वेळा सहज जमू लागले की एक डंबेल छातीशी धरून तेच करावे. त्यानंतर खोक्यापर्यंत बसणारा स्क्वॉट, रिकाम्या बारने, आणि मग पूर्ण खोली. अनेकांना या पायऱ्या अपमानास्पद वाटतात. शंभर किलोचा स्क्वॉट करणारा माणूस प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उठबस करताना तालमीतील पोरे पाहत असतात, हे खरे आहे. यावर माझा उपाय असा होता की मी हा टप्पा घरीच उरकला.

जुन्या वजनाच्या तीस ते चाळीस टक्क्यांवर, दहा ते पंधरा रेपचे तीन सेट (मध्ये विश्रांती घेऊन तीन फेऱ्या), आठवड्यातून दोन-तीनदा, ही चांगली सुरुवात आहे. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबवावा की आणखी तीन रेप निघाल्या असत्या. वजन आठवड्याला पाच ते दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यावेत आणि दोन वेळा लिहावेत: सेट संपताच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्यावर. मेहनतीत तीनपर्यंतचे दुखणे, जे सकाळपर्यंत पूर्ववत होते, ते चालते. सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा वाढलेला असेल किंवा सांधा सुजला असेल, तर पुढील खेपेस वजन वीस टक्क्यांनी उतरवावे. दुखणे एक-दोन असताना घाबरून पूर्ण बंद करणे आणि पाच असताना दात खाऊन रेटणे, या दोन्ही सवयी सारख्याच महाग पडतात.

बाधित पायाची एकट्याची मेहनत या टप्प्यात आवश्यक आहे, कारण दोन्ही पायांच्या स्क्वॉटमध्ये चांगला पाय नकळत भार ओढून घेतो. बाहेर चालण्यासाठी टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचा सपाट परिसर आधी निवडावा. राजहंसगडाची चढण नंतरची. चढण त्यातल्या त्यात सोपी, उतरणच गुडघ्याची परीक्षा पाहते.

मांडी भरली, कंडरा नाही

येथून पुढचा काळ सुखाचा आणि म्हणूनच धोक्याचा असतो. एकदा कमावलेला स्नायू नव्याने कमावण्यापेक्षा खूप लवकर परत येतो. फिनलंडमधील युवास्कुला विद्यापीठाच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवडे मेहनत पूर्ण सोडलेल्यांनी साधारण पाच आठवड्यांत गेलेली ताकद आणि आकार परत मिळवला. ते लोक जखमी नव्हते, त्यामुळे आपला हिशेब अधिक लांबणारच. पण दिशा हीच. वाढलेल्या स्नायुतंतूत जी जादा केंद्रके (पेशीचे गाभे) तयार होतात ती स्नायू आटल्यावरही टिकून राहतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे, आणि स्नायूच्या जनुकांवर मेहनतीच्या खुणा राहतात असेही एक स्पष्टीकरण आहे. माणसात कोणते कारण किती काम करते यावर संशोधकांत अजून एकमत नाही.

कंडरेचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि तिची बांधणी महिन्यांच्या हिशेबाने बदलते. माझ्या चौथ्या महिन्याअखेर टेप ५६ दाखवत होती, आरशात दोन्ही मांड्या सारख्या दिसत होत्या, आणि शिवजयंतीच्या आधीच्या आठवड्यात मित्रांच्या आग्रहाखातर मी ऐंशी किलोवरून एकदम शंभरवर गेलो. वजन निघाले, वर येताना काही दुखलेही नाही. तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा जिना उतरताना सुईसारखी टोचू लागली, आणि चित्ररथांची मिरवणूक मी ओट्यावर बसून पाहिली. त्या एका सेटने आठ आठवडे घेतले.

म्हणून या टप्प्यात वजन वाढवण्याचा निर्णय वहीवरून घ्यावा. सलग दोन आठवडे सकाळचा आकडा स्थिर असेल तरच पुढे जावे. कंडरेसाठी जड पण संथ मेहनत लागते: तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, सहा ते आठ रेप, आणि दोन जड दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा. कंडरा दुखत असेल तर लेग एक्स्टेन्शनवर किंवा भिंतीला पाठ लावून तीस ते पंचेचाळीस सेकंद स्थिर धरण्याचे पाच सेट अनेकांना आराम देतात. उसळी घेऊन उठणे, उड्या, बार जमिनीवरून झटक्याने खांद्यापर्यंत किंवा डोक्यावर उचलायचे क्लीन-स्नॅच हे सर्वांत शेवटी आणावे.

याच सुमारास कोणीतरी जिममध्ये बाजूला घेऊन ‘एक कोर्स मार, दोन महिन्यांत आधीसारखा’ असे सुचवतो. या कोर्समधल्या अॅनाबॉलिक स्टेरॉइडने स्नायू फुगतो, कंडरा त्या वेगाने सावरत नाही, आणि असे औषध घेणाऱ्यांत कंडरा तुटण्याच्या घटना आढळतात. म्हणजे ज्या अंतराबद्दल मी लिहितो आहे तेच अंतर सुई लावून रुंद करण्याचा हा प्रकार आहे.

वेळ किती लागेल, याला एकच उत्तर नाही. मीराबाई चानू हिने पाठीच्या दुखापतीमुळे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतून माघार घेतली, आणि २०२१ मध्ये टोकियोला ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. तिच्या मागे प्रशिक्षक आणि फिजिओ होते. आपल्या मागे बहुधा नोकरी, शेत आणि म्हातारे आई-वडील असतात, तेव्हा हिशेब अधिक सावकाशीचा धरावा.

कामावर आणि तालमीत

फाउंड्रीत साचे उचलणारा, उसाच्या हंगामात मोळ्या डोक्यावर घेणारा किंवा हातमागावर दिवसभर पाय मारणारा माणूस संध्याकाळी जिममध्ये येतो तेव्हा त्याच्या गुडघ्याने दिवसाचे काम आधीच केलेले असते. वहीत त्या कामाचीही नोंद हवी. जड पाळीच्या दिवशी पायांची मेहनत ठेवू नये, आणि हंगाम जोरात असताना आठवड्यातून एकच जड दिवस पुरे. मिळवलेली ताकद टिकवण्यास तेवढा पुरतो.

बाधित पायाची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर आली आहे का, हे लेग प्रेसवर एकेका पायाने आठ रेपचे वजन पाहून ठरवावे. उजवा साठ किलो घेत असेल तर डाव्याला चोपन्न जमायला हवे, सांधा पूर्ण वाकायला आणि सरळ व्हायला हवा, आणि दुसऱ्या सकाळी सूज नसावी. हे जमल्यावर दीर्घ बैठका सुरू कराव्यात, वीसपासून. एकदम दोनशेच्या जुन्या हिशेबाने नव्हे. कुस्तीत पाय कसा आणि कधी मुरगळेल हे प्रतिस्पर्ध्याच्या हातात असते, म्हणून लढत सर्वांत शेवटी, वस्तादांना आणि जोडीदाराला दुखापतीची बाजू सांगून. जत्रेतील गुंड (जड गोल दगड) किंवा पोते उचलण्याच्या शर्यतीत गरम न होता, उत्साहात, एका झटक्यात जोर लावला जातो. त्यात त्या वर्षी उतरू नये असेच मी सांगेन.

टेप दर दोन आठवड्यांनी, त्याच खुणेवर, सकाळी मेहनतीच्या आधी लावावी. मेहनतीनंतर मांडी रक्ताने भरलेली असते आणि एक सेंटिमीटर फुकटचा मिळतो. अकराव्या महिन्यात माझी डावी ५७.५ भरली आणि उजवी ५८. आईने आकडा वाचला, टेपची गुंडाळी केली आणि ती आता मशीनच्या खणातच राहू दे म्हणाली, कारण गेले वर्षभर प्रत्येक ब्लाउजच्या वेळी तिला ती माझ्या जिमच्या पिशवीतून शोधून काढावी लागत होती.